तुमची ती लाज, तिची ती घमेंड?

पत्र, थोडक्यात: मी पारोळा तालुक्यातली. धाकट्या दिराचं लग्न मागच्या वर्षी झालं. देराणी पिंपरी-चिंचवडला वाढलेली, माणसं मूळची आपल्याकडचीच. साखरपुड्याहून परतताना नणंद म्हणाली होती, 'जरा शिष्टच वाटते.' तशीच निघाली. अहिराणीत विचारलं तर मराठीत उत्तर देते. सुरुवातीला एकदा अहिराणी बोलायला गेली, आम्ही सगळ्या पोट धरून हसलो, तर त्याचाही राग. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या सणाला, भाऊबंदकीतल्या बाया जमल्या होत्या. पुरणाचे मांडे भाजायच्या मातीच्या खापराजवळ बोलावलं तर 'मला नाही येत' म्हणून सरळ आत निघून गेली. शेजारच्या पोरांना मात्र गणितं शिकवते, त्यांच्याशी खिदळते. माझी आई आठ दिवस धुळ्याला दवाखान्यात होती, हिने साधी चौकशी केली नाही. मीही नवीन होते तेव्हा वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, पण ती लाज होती. ही घमेंड आहे. वेगळी चूल मांडावी का?
– एक जेठाणी

ताई,

पत्राच्या शेवटी एक वाक्य तुम्ही घाईत लिहून गेलात आणि मी तिथेच अडकले. तुम्ही वर्षभर बोलला नाहीत, ती लाज. ती बोलत नाही, ती घमेंड. गप्प बसणं तर दोघींचं सारखंच. तुमच्या गप्प बसण्यामागे काय होतं ते तुम्हाला आतून ठाऊक आहे: ओटीवरून येणारा सासऱ्यांचा खोकला, डोक्यावरून घसरणारा पदर, भाजीत मीठ जास्त पडलं की काय ही धास्ती. तिचं तुम्हाला फक्त तोंड दिसतं, तेही फिरवलेलं. मग मधली जागा आपण तिच्या स्वभावाने भरून टाकतो. सगळेच भरतात, तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही.

पण तुमच्या घरात एक गोष्ट आणखी झाली. पोरगी उंबरठा ओलांडायच्या आधीच वन्संनी निकाल दिला. त्याची किंमत किती असते ते सांगते. हॅरॉल्ड केली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एक प्रयोग केला. वर्गावर नवे शिक्षक येणार म्हणून मुलांना त्यांची ओळख सांगणारे कागद वाटले. मजकूर सगळा एकच. फक्त काही कागदांवर 'माणूस अगदी प्रेमळ' असं होतं, बाकीच्यांवर 'जरा कोरडा'. मुलांना हा फरक माहीत नव्हता. माणूस तोच, वर्ग तोच, चर्चाही तीच. तरी 'प्रेमळ' वाचलेल्यांना तो मनमिळाऊ, विनोदी वाटला आणि 'कोरडा' वाचलेल्यांना आपल्यातच रमणारा. मला त्याहून लागलं ते पुढचं: 'प्रेमळ' वाचलेल्यांपैकी ५६ टक्के मुलं चर्चेत बोलली, 'कोरडा' वाचलेल्यांपैकी ३२ टक्केच. म्हणजे त्या माणसाला नावं ठेवून मुलं थांबली नाहीत, त्याच्याशी बोलायचीही कमी झाली. आता तुम्हीच सांगा, गेल्या वर्षभरात देराणीशी आपणहून, कामाशिवाय, कोण किती बोललं?

आता खापराचं. बाहेरच्यांना कळणार नाही, पण तुम्हाला मी काय सांगू? सैल भिजवलेली कणीक, आत पुरण, आणि ती पोळी पोळपाटावर नाही तर दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत खेळवत खेळवत खापराएवढी मोठी करायची. मग एका झोक्यात पालथ्या खापरावर टाकायची. चूल पेटलेली, तोंडावर धग, हात आखडला की पोळी फाटलीच आणि पुरण विस्तवात. माहेरी चार-पाच वर्षं आईच्या शेजारी बसून पोळ्या फाडल्याशिवाय ते हातात बसत नाही. ही मुलगी पिंपरीत गॅसवर तवा ठेवून वाढलेली. तिला पहिल्यांदा खापरापुढे बसवलं ते कधी? रोटाच्या दिवशी, सगळी भाऊबंदकी बघत असताना! तिची एक पोळी फाटली असती तर पुढच्या कानबाईपर्यंत तोच विषय पुरला असता, हे तिला कळत नसेल असं समजू नका. अहिराणी बोलायला गेली तेव्हा काय झालं ते तिने पाहिलंय. 'मला नाही येत' हे मला तरी खरं उत्तर वाटतं. सांगायची रीत चुकली, कबूल.

याच केलींनी १९६७ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो घरात फार उपयोगी पडतो. एखादा असं का वागला हे ठरवायचं तर तीन गोष्टी बघायच्या. त्या जागी दुसरं कोणी असतं तर तेही असंच वागलं असतं का? हा माणूस सगळ्यांशीच असा वागतो की काहींशीच? आणि नेहमीच वागतो की एखाद्या वेळी? पहिल्याचं उत्तर तुम्हीच दिलंय, तुम्हीही वर्षभर गप्प होतात. दुसऱ्याचंही दिलंय, शेजारच्या पोरांशी ती खिदळते. घमेंडी बाई शेंबड्या पोरांना भागाकार शिकवत बसत नाही. पोरं तिच्या बोलण्याला हसत नाहीत, एवढं मात्र नक्की. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. बाकी कोणी घरात नसताना, नुसत्या तुम्ही दोघी असताना ती कशी असते?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतलं इथे कशाला? बरं, म्हैसूरचं सांगते. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूरच्या लोकांना ओळखीतल्या माणसांच्या वागण्याची कारणं विचारली. शिकागोची मोठी माणसं 'स्वभावच तसा' म्हणण्याकडे झुकली, म्हैसूरची मंडळी नातं, जबाबदारी, वेळ-प्रसंग सांगत होती. लहान मुलांमध्ये मात्र हा फरक फारसा नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे प्रसंग बघून माणूस तोलायचं आपल्याकडे मोठ्यांकडूनच शिकतात. दिराने चार दिवस अबोला धरला तर आपण म्हणतो, 'कापसाला भाव नाही, डोकं ठिकाणावर नसेल.' ही सवलत घरात नव्या आलेल्या सुनेला मिळताना मी फार कमी पाहिली आहे.

तुमच्या आईची गोष्ट मात्र मी यात घालणार नाही. तिथे ना खापर होतं, ना हसायला बसलेल्या बाया. आठ दिवसांत 'आई कशा आहेत?' एवढे तीन शब्द निघायला हवे होते. तिने दिराकडे विचारलं असेल, तुमच्यापर्यंत पोचलं नसेल; नसेलही विचारलं. मी तिच्या वतीने कारणं शोधत बसणार नाही, तुम्हीही बसू नका. सरळ विचारा. 'तू अशी का आहेस?' असं नको. 'आई दवाखान्यात असताना तू विचारलं नाहीस, मला फार लागलं,' एवढंच. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. लगेच येणार नाही.

वन्संचा फोन येतो तेव्हा 'काय म्हणते तुमची शिष्ट?' हे होत असणारच. त्याला यापुढे हुंकारसुद्धा देऊ नका. एखाद्या बाजाराच्या दिवशी, सासूबाई घरात नसताना, खापर काढा. पुरण घालूच नका, साधे मांडे करा, फाटले तर गुळवणीत कुस्करून दोघींनी खा. आपली पहिली पोळी कशी फाटली होती तेही सांगा. अहिराणी तिला समजतेच, बोलायचं तिच्यावर सोडा. आणि एकांतातही ती तोंड फिरवूनच बसली, दोन-तीन महिने बसली, तर तुमचं म्हणणं खरं धरायला मी तयार आहे. मग कामाची वाटणी स्पष्ट करून घ्या आणि तिच्याकडून गोडव्याची अपेक्षा सोडून द्या.

वेगळ्या चुलीचं आत्ता बोलू नका. शेत एकत्र आहे, कापूस अजून बोंडात आहे, आणि चुली वेगळ्या झाल्या की भावांचा हिशेबही लगेच निघतो. दिवाळीनंतर माल घरात आला, पैसे हातात आले, की मग वाटलं तर काढा तो विषय. पण आधी नवऱ्याशी बोला, मग सासूबाईंशी. वन्संना सगळ्यात शेवटी सांगा.