स्क्रीन काढायला घेण्याआधी

तुमच्या नव्या सिस्टिमच्या स्क्रीनचा आराखडा पाहिला, मेहनत दिसते. पण रंग आणि फॉन्ट सध्या बाजूला ठेवा. ज्यांच्यासाठी सिस्टिम बनवताय, त्यांच्या शेजारी बसून आधी त्यांचं काम बघा. "काय हवं?" विचारलंत तर फीचर्सची यादी मिळेल. बघत बसलात तर मॉनिटरला चिकटवलेली कोडची चिठ्ठी दिसेल, आधी वहीत लिहून मग स्क्रीनवर उतरवणं दिसेल. खरी गरज तिथेच सापडते.

मग कागदावरच स्क्रीन काढा आणि पाच जणांना त्यावर एखादं काम करायला सांगा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली हाच आकडा सुचवला होता. मोठ्या अडचणी एवढ्यातही समोर येतात.

नवखे हमखास इथे चुकतात:

- समोरचा अडला की लगेच मदत करतात. गप्प राहा आणि त्याचं बोट कुठे जातं ते टिपा. हे जमायला वेळ लागतो, पण जमतं.
- फॉर्म भरताना काही चुकलं की 'अवैध माहिती' एवढंच दाखवतात. 'परतीची तारीख निघण्याच्या तारखेनंतरची हवी' असं स्पष्ट लिहा.
- एक चूक झाली की भरलेला अख्खा फॉर्म पुसतात. हे कधीच नको.

पर्सोना (नमुन्यादाखल कल्पिलेला वापरकर्ता), ॲनॅलिटिक्स (वापराची आकडेवारी) वगैरे नंतर बघू. या आठवड्यात एकाच माणसाचं काम नीट बघा आणि काय दिसलं ते कळवा.