मूल ‘एथिस्ट’ झालंय? कोणता देव नाकारतंय, ते आधी विचारा

इंग्लंडमधल्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल जेवता जेवता ‘मी एथिस्ट आहे’ म्हणालं, तर आधी त्याची शाळेची वही बघा. जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेच्या, रिलिजस स्टडीज (धर्मांचा अभ्यास) या विषयात दोन धर्म शिकवतात आणि बहुतेक शाळांत त्यातला एक ख्रिस्ती असतो. तिथला देव जगाचा कर्ता, सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि परमदयाळू. मग त्याच अभ्यासक्रमात प्रश्न येतो, की असा देव असताना जगात इतकं दुःख का? हुशार मूल इथे अडतं, अडायलाच हवं. आईबाबांना मात्र वाटतं, पोरानं देव्हाऱ्यातला विठोबाच उचलून बाहेर ठेवला.

शब्दही घोळ घालतात. ‘एथिस्ट’ला आपण सरसकट नास्तिक म्हणतो, पण भारतीय दर्शनांच्या, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या, परंपरेत नास्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य न मानणारा. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे पूर्वमीमांसक (वेदांतल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे) आस्तिकांत बसतात आणि मंदिरं बांधणारे जैन नास्तिकांत. ‘ॲग्नॉस्टिक’ हा शब्द इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी १८६९ साली घडवला. त्याचा अर्थ कुंपणावर बसलेला असा नाही. जे कळल्याचा पुरावा नाही, ते कळल्याचा दावा करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

आरतीच्या वेळी किंवा आजी व्हिडिओ कॉलवर असताना हा वाद काढू नका. एखाद्या निवांत संध्याकाळी घरातल्या प्रत्येकानं कागदावर चार ओळी लिहायच्या: देव म्हणताना माझ्या मनात काय असतं? अट एकच, ‘देव’, ‘ईश्वर’, ‘शक्ती’ हे शब्द वापरायचे नाहीत. मग कागद बदलायचे आणि दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीपुढे ‘पटतं’, ‘पटत नाही’ किंवा ‘कळायला मार्ग नाही’ असं लिहायचं. एकाच कागदावर तिन्ही उत्तरं येतात, तेव्हा भांडण निम्मं उतरतं.

फसतं कुठे, तर मोठ्यांनी मध्येच व्याख्या बदलली की. वादात ‘देव म्हणजे विश्वातली ऊर्जा’ म्हणायचं आणि निकालाच्या आदल्या दिवशी तिलाच नवस बोलायचा! ऊर्जा नवसाला पावत नाही, हे मूल तुमच्या आधी ओळखतं. आई अडचणीत ज्याच्याशी बोलते तो देव वेगळा, तो वेगळाच राहू द्या.

गणपतीत कामं वाटताना हे लक्षात ठेवा. मखर करणं, एकवीस दुर्वांची जुडी बांधणं, एक वाटी पिठीला साधारण एक वाटी पाणी घेऊन मोदकाची उकड काढणं, यांना श्रद्धा लागत नाही. नमस्कार तेवढा मुलावर सोडा. आरतीला टाळ वाजवायचा असेल तर वाजवू द्या आणि ‘मग कशाला वाजवतोस?’ असं चुकूनही विचारू नका.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांच्या नावापुढे ‘नो रिलिजन’ लागलं. त्यात एथिस्ट किती, ते आकडा सांगत नाही, कारण प्रश्न धर्माचा होता, देवाचा नव्हे. आजीला फोनवर सांगताना हाच फरक कामी येतो: ‘सध्या पूजा करत नाही, पण मोदक वळतो’ हे खरंही आहे आणि तिला समजेल असंही.