बारावीनंतर आपल्या स्वप्नामागं जाणं म्हणजे घरच्यांशी स्वार्थीपणा करणं आहे का?

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. वाशीम जिल्ह्यातलं खेडं, पाच एकर कोरडवाहू, बारावी सायन्स झालेली. तुला एमपीएससी देऊन अधिकारी व्हायचंय आणि घरचे म्हणतात पुण्याजवळच्या रांजणगावला मामाच्या मुलाकडं जा, कंपनीत लाग, महिन्याला पैसे पाठव. तू विचारलंस की स्वप्नामागं लागणं स्वार्थीपणा आहे का, आणि कुणी स्वप्न पुरं केलं असेल तर ते कसं केलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली, अकोल्याला बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, म्हणून अरे-तुरे करते. माझं स्वप्न अजून अर्ध्या रस्त्यात आहे, पण इथवर कशी आले ते सांगू शकते.

सातवीत असताना सरांनी वर्गात प्रत्येकाला विचारलं होतं, मोठं होऊन कोण होणार? निम्मा वर्ग कलेक्टर, उरलेला पोलीस नाहीतर फौजी, दोन मुली नर्स. मीही कलेक्टर म्हणाले. कलेक्टर दिवसभर काय काम करतो हे वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं. आमच्या गावातून तेवढीच माणसं दिसायची, म्हणून स्वप्नंही तेवढीच होती.

माझं खरं स्वप्न २०१७ च्या पावसाळ्यात सुरू झालं. मी नववीत होते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेलेली, हवेत दमट उकाडा, बोंडअळीच्या धास्तीनं लोक दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारत होते. (आमच्याकडे कीटकनाशकालाही औषधच म्हणतात, हे मला आता फार खटकतं.) त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त कास्तकार आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. माझे बाबाही एका दुपारी वावरातून आले आणि ओसरीतच बसले. मळमळ, डोळ्यांपुढं धूसर, हातापायांना कंप. शेजारच्या काकांच्या गाडीत घालून नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘कोणतं औषध मारलं?’’ माय म्हणाली, ‘‘पांढऱ्या डब्यातलं.’’ त्यापलीकडं आमच्यापैकी कुणालाच काही सांगता आलं नाही.

बाबा चार दिवसांनी घरी आले. ते बरे होते म्हणून मला विचार करायला जागा मिळाली. मी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेले डबे गोळा केले आणि वाचायला बसले. बारीक अक्षर. पण प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन, त्याचा खालचा त्रिकोणी भाग रंगवलेला. विज्ञानाच्या सरांना विचारलं तेव्हा कळलं की लाल म्हणजे सगळ्यात जास्त विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. इतकी साधी खूण, आणि आमच्या घरात वीस वर्षं फवारणी होऊनही ती कुणाला माहीत नव्हती. तेव्हा ठरवलं की हे ज्याला कळतं, तो माणूस मला व्हायचंय. त्या माणसाला काय म्हणतात, तो कुठं शिकतो, तिथं कसं जायचं, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. गावातली एक ताई अमरावतीला शिकत होती, तिनं सांगितलं की कृषीची पदवी असते, सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यासाठी अकरावीला सायन्स घे. स्वप्नाला नाव मिळायला मला दीड वर्ष लागलं.

आता माझ्या मते जे सगळ्यात महत्त्वाचं, ते सांगते. लोक जिद्दीबद्दल बोलतात. आपल्याकडच्या पोरांत जिद्द भरपूर आहे. मी स्वतः आणि माझ्या ओळखीची कितीतरी पोरं अडकली ती कागदांपाशी.

२०२१ ला माझी बारावीची परीक्षाच कोरोनामुळं रद्द झाली, पण सीईटी झाली. घरात एक मोबाईल, रेंज पाण्याच्या टाकीजवळ, तिथं बसून अभ्यास केलेला. गुण बरे पडले. मी ओबीसी. प्रवेशाच्या वेळी कळलं की आमचं नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र (घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा कागद) मुदत संपलेलं आहे. चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. नव्यासाठी अर्ज केला. आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर बंद, परवा उत्पन्नाच्या दाखल्यावर नावातली एक वेलांटी चुकलेली. बाबांनी त्यासाठी तालुक्याला सात चकरा मारल्या, सातही दिवसांची मजुरी बुडाली. कागद हाती आला तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. प्रवर्गातून जागा गेली, खुल्यातून लागली नाही. वर्ष गेलं.

त्या रात्री मी खूप रडले. माय काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवलं आणि म्हणाली, ‘‘चाल, सीतादही हाय आज.’’ पहिल्या वेचणीच्या आधी दहीभाताचा नैवेद्य दाखवून आम्ही कापसाला हात लावतो. ते वर्ष मी मायसोबत वेचणी केली. आधी घरची, मग दुसऱ्यांच्या वावरात. किलोमागं पैसे. माय दिवसाला पन्नास किलोच्या आसपास वेचायची, मी तिशीच्या वर जाऊ शकले नाही. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांनी नखांच्या कडा फाटतात, मीठ लागलं की कळतं. संध्याकाळी टाकीजवळ बसून पुन्हा तोच अभ्यास.

त्या वर्षी एक चांगलं झालं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता आणि बाजारात भाव दहा हजारांच्या वर गेला. आमचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, आला तेव्हा घरात पहिल्यांदा उधारी फेडून पैसे उरले. भाव पडला असता तर मी आज हे उत्तर लिहीत असते का, मला सांगता येत नाही. कोणी मला ‘मेहनतीनं सगळं मिळतं’ असं म्हणतं तेव्हा मी गप्प बसते. मेहनत मायनं दरवर्षी तेवढीच केली होती.

दुसऱ्यांदा सीईटी दिली तेव्हा सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत तयार होते. लागलं.

आता तुझा स्वार्थीपणाचा प्रश्न. बाबा सुरुवातीला ‘नाही’ म्हणत होते. मी वाद घालायचे, रुसायचे. मग एक दिवस वही काढली आणि त्यांच्यासमोर हिशेब मांडला. शुल्क किती, त्यात सवलत किती, वसतिगृहाचे किती, मेसचे महिन्याला किती, वर्षातून किती वेळा घरी येणार आणि एसटीचं भाडं किती. शेवटी एक आकडा आला. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘‘एवढाच हाय? मले वाटलं वावर इकावं लागते.’’ दोन वर्षं ते एका आकड्याला घाबरत होते, आणि तो आकडा मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता. तूही वही काढ. घरच्यांना ‘अधिकारी होणार’ हा शब्द ऐकवू नकोस, त्या शब्दातून त्यांना काहीच दिसत नाही. चार वर्षांचा खर्च दाखव, त्यातला तू स्वतः किती उचलणार ते दाखव.

आणि खरं सांगायचं तर ओझं पडतंच. मी गेल्यापासून वेचणीत मायचे दोन हात कमी झाले. माझ्या लहान भावानं आयटीआय गावाजवळचं निवडलं, कारण घरी कुणीतरी हवं होतं. तो काही बोलत नाही, पण मला माहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आणि नंतर जमेल त्या रविवारी मी अकोल्याहून मूर्तिजापूर-कारंजा करत घरी येते आणि वेचायला उतरते. याच वाटेनं पूर्वी शकुंतला रेल्वे धावायची, आजी तिच्यातून कापसाच्या गाठी जाताना पाहिल्याचं सांगते. त्या रविवारांनी फेड होत नाही. तरी मी येते. स्वार्थ म्हणायचा की नाही हे मी ठरवलेलं नाही, फक्त कुणाच्या अंगावर काय पडलंय याचा हिशेब मी विसरत नाही.

विद्यापीठाच्या दारावर रोज डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव वाचते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. विलायतेत शिकायला गेले आणि डॉक्टरेट केली ती वेदवाङ्मयातल्या धर्मावर. परत येऊन १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, पुढं दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. वेदांचा अभ्यास करून आलेल्या माणसाचं नाव आज शेतीच्या विद्यापीठाला आहे. पहिल्या वर्षी एका सरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या मनावरचा एक दगड उतरला. मी कलेक्टर सोडलं याची मला कुठंतरी लाज वाटत होती, जणू मी मोठं स्वप्न टाकून लहान धरलं. वाट बदलली म्हणून माणूस लहान होत नाही, हे तेव्हा पटलं.

सातव्या सत्रात आम्हाला ग्रामीण कार्यानुभवासाठी एका गावात पाठवलं. तिथं आम्ही पऱ्हाटीत कामगंध सापळे लावले. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग त्यात अडकतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असं समजायचं. त्याआधी फवारायचं नाही. एक वयस्कर कास्तकार रोज सकाळी माझ्यासोबत पतंग मोजायला यायचे. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन. शेजारच्यांचे पंप चालू होते, ते अस्वस्थ होते. मी म्हटलं, थांबा. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण माझ्या शब्दावर एका माणसाचं पीक उभं होतं. ते थांबले. त्यांची एक फवारणी वाचली. एवढंच घडलं, पण आजवर मी केलेल्या गोष्टींत मला याचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे. पदवीचा कागद यायचाय अजून.

घरी बाबा आता हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय पंप पाठीवर घेत नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारत नाहीत. मागच्या हंगामात त्यांनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं कपाशीचं फूल, आणि खाली लिहिलेलं, ‘‘डोमकळी हाय का हे?’’ होती. मी कळवलं, अशी सगळी फुलं तोडून नष्ट करा, आत अळी असते. संध्याकाळी दुसरा फोटो आला, टोपलंभर डोमकळ्या, आणि बाजूला माय कमरेवर हात ठेवून उभी.

तुझ्या एमपीएससीबद्दल. राज्यसेवेला बसायला पदवी लागते. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत तू ती परीक्षा देऊच शकत नाहीस. घरचे आणि तू ज्या गोष्टीवरून भांडताय ती अजून काही वर्षं लांब आहे. आता ठरवायचं आहे ते पदवीचं. अशी पदवी घे की परीक्षा नाही निघाली तरी तिच्यावर पोट भरेल. आणि कुठल्या एका कामासाठी तहसीलमध्ये जाशील तेव्हा अर्धा दिवस तिथंच बस. साहेबांच्या टेबलावर काय येतं, ते कुणाशी कसं बोलतात, कशावर सही करतात ते बघ. ते काम तुला रोज करावंसं वाटतं का ते तिथंच कळेल. मी कृषी कार्यालयात अशी बसले होते.

रांजणगावचं म्हणशील तर, जाणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. माझ्या वर्गातले तिघं तिथं आहेत, एकानं बहिणीचं लग्न केलं त्या पगारावर. पण प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना जाऊ नकोस. आधी अर्ज भर, जागा पक्की कर, मग मधल्या दिवसांत जायचं तर जा आणि मेसचे पैसे जमवून आण.

आज-उद्यात करायचं ते एवढंच: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागत असेल तर नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, सगळं काढून बघ. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन्अक्षर जुळतंय का ते तपास. वैधता नसेल तर आजच अर्ज कर, तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर दरवर्षी पुन्हा भरावा लागतो, एकदा भरला म्हणजे झालं असं नाही.

तुझा प्रवर्ग आणि कोणता कागद अडलाय ते खाली लिही. या रविवारी मी गावी आहे, दिवसभर वावरात असेन. संध्याकाळी टाकीजवळ रेंज येते, तेव्हा बघते.