अंतर तेवढंच, मग वेळ कमीजास्त का?

मुलगा न्यू जर्सीला असतो. मुंबईहून जाताना १६ तास लागले, येताना १४ च. अंतर तर तेवढंच ना? (कोथरूडच्या एक काकू)

हो काकू, मुंबई–न्यूयॉर्क (न्यू जर्सी शेजारीच) साधारण साडेबारा हजार किलोमीटर, जाताना पण आणि येताना पण. फरक वाऱ्याचा. विमान १०-११ किलोमीटर उंचीवर असतं, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, कधीकधी ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे घरी येताना वारा पाठीशी आणि जाताना तोंडावर. थंडीत जोर अजून वाढतो. नुसतं अंतर भागिले विमानाचा वेग, म्हणजे ताशी ९००, असं करून वेळ काढू नका, तिकिटावरच्या वेळेत रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं हे पण धरलेलं असतं.

तिकिटावर मुंबईहून रात्री २ ला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्क असं आहे. साडेपाच तासात? (हडपसर)

नाही हो, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या आहेत. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, ते साडेपाचमध्ये मिळवा, १६ तास झाले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे, मधल्या काळात फरक साडेनऊ. घरच्यांना फोन करताना पण हे लक्षात ठेवा.

सॅन फ्रान्सिस्कोचा सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाकडून जातो म्हणे, इतका वळसा कशाला? (सिंहगड रोड)

वळसा नाहीये तो! घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्कोवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणून बघा, तो ध्रुवाच्या जवळून जाईल, साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. सपाट नकाशा उत्तरेकडचा भाग ताणून दाखवतो म्हणून तीच रेघ वाकडी दिसते. पण दरवेळी विमान त्याच रेघेवरून जातं असं नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरने जास्त होऊन १५ हजारांच्या वर गेलं, तरी वेळ वाचला, कारण पूर्वेकडे उडताना वारा पाठीशी! मला हे उदाहरण फार आवडतं.

पुण्याहून थेट अमेरिका का नाही? (विमाननगर)

लोहगावचा, म्हणजे पुणे विमानतळाचा, रनवे अडीच किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबईचा मोठा साडेतीनच्या जवळपास. १५-१६ तासांचं इंधन भरलेलं विमान प्रचंड जड असतं, त्याला उठायला लांब धाव लागते. शिवाय लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, त्यांचं वेळापत्रक आधी.

म्हणून मुंबई गाठायचे तास पण प्रवासात धरा. पावसाळ्यात घाटात ट्रक आडवा झाला आणि आम्ही दोन तास जागेवर, कसेबसे काउंटर बंद होता होता पोचलो, ती धडधड अजून आठवते. रात्री २ चं विमान असेल तर पुण्याहून दुपारी ४-५ ला निघाच.