ध्यानाला बसलं की डोकं जास्तच चालतं, मग माझं चुकतंय का?

समुपदेशनाला येणारे कितीतरी जण हे बोलतातच, की मॅडम ध्यान सुरू केलं तर विचार कमी व्हायचे सोडून वाढलेच, आता सोडून देऊ का. त्यावर नुसतं "करत राहा, जमेल" म्हणणं मला पटत नाही, म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर असलेले एक दादा, चाळिशीला टेकलेले. कंपनीच्या मेडिकलमध्ये बीपी निघालं, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, झोप तर आधीच उडालेली आणि घरी मुलाच्या अभ्यासावरून रोजची चिडचिड. त्यात कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की ८ आठवडे ध्यान करा, मेंदूच बदलतो, की हे लागले पहाटे उठून बसायला. मला म्हणाले, "रोज बसून राहिलो न मी मॅडम, पण डोकं काही थांबून नाही राहिलं, उलट छातीत धडधडते. आमचे बाबा गावी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानात बसत, जरा हलत नव्हते. मलेच काहून नाही जमत?"

मी म्हटलं, कसे बसता ते दाखवा बरं. त्यांनी डोळे मिटले ते इतके घट्ट की कपाळावर आठ्या, दातावर दात, खांदे कानाकडे चढलेले आणि श्वास सगळा वरच्या वर छातीतच, जणू आखाड्यात कुणाला तरी चीत करायचंय. विचार आला की ते त्याला ढकलत होते, तो परत आला की स्वतःवर रागवत होते. अशात शरीराला वाटतं काहीतरी धोका आलाय, मग धडधड होणार नाही तर काय होईल!

मन भटकणं हा बिघाड नाहीये. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये लोकांना दिवसभरात मध्येच फोनवर विचारलं होतं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे, तर जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. आपण काही विशेष करत नसतो तेव्हा मेंदूतलं एक जाळं जोरात चालू असतं, डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात त्याला, कालचं भांडण उद्याचा हप्ता सगळं तेच उकरून काढतं. ते दिवसभर चालूच असतं, फक्त मशीनच्या आवाजात आणि मोबाईलमध्ये आपल्याला कळत नाही, शांत बसलं की कळतं. म्हणजे बरेचदा विचार वाढलेले नसतात, दिसायला लागलेले असतात. आणि मन भटकलं हे लक्षात येऊन श्वासावर परत येणं, हाच तर व्यायाम आहे. दहा वेळा भटकलं आणि दहा वेळा परत आलात तर दहा वेळा व्यायाम झाला. अनेक वर्षं ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग झालंय, त्यात ध्यान चालू असताना हे जाळं शांत दिसतं, पण त्या लोकांची वर्षं गेलीयत त्यात, आपण तीन आठवड्यांत तेच मागतो.

मग मी त्यांना मनगटावर नाडी धरायला लावली. डोळे उघडेच ठेवा म्हटलं, श्वास आरामात घ्या आणि सोडताना जास्त वेळ लावा. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं, "सोडताना हळू होऊन राहिली न ही!" होतेच. श्वास घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात, सोडताना कमी होतात, कारण व्हेगस नावाचा मज्जातंतू तेव्हा हृदयाला ब्रेक लावतो, आणि मिनिटाला साधारण ६ श्वास इतका वेग कमी केला की हा फरक चांगलाच जाणवतो. ज्यांना ध्यान जमत नाही असं वाटतं त्यांना मी आधी हेच करायला लावते, कारण मन ऐकेल तेव्हा ऐकेल, शरीर लवकर ऐकतं.

बोलता बोलता कळलं की बीपीची गोळी त्यांनी बंद केली होती, "ध्यान करून राहिलो न आता" म्हणून. हे मात्र मी तिथेच थांबवलं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. ध्यानाने बीपी थोडं उतरू शकतं, अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ मध्ये हेच सांगितलं की नेहमीच्या उपचारांच्या जोडीला करायला हरकत नाही. जोडीला, गोळीच्या जागी नाही!

आणि ते ८ आठवड्यांचं? २०११ मधल्या एका छोट्या अभ्यासात खरंच मेंदूच्या काही भागांत वाढ दिसली होती, पण २०२२ मध्ये दोनशेवर लोकांवर जास्त काटेकोरपणे तपासलं तेव्हा ८ आठवड्यांत मेंदूच्या रचनेत तसा बदल दिसला नाही. याने ध्यान फोल ठरत नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या, त्यात चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत थोडा ते मध्यम का होईना पण फायदा दिसला. मला हा फायदा खूप मोलाचा वाटतो, त्याला फुगवून सांगायची गरजच नाही.

दादांनी मध्येच गावी फोन लावून बाबांना विचारलं, तुमच्या मनात काहीच येत नव्हतं का. बाबा म्हणाले, "येत नव्हतं कसं, शेताच्या धुऱ्याचं भांडण चालू होतं तेव्हा रोज तोच धुरा डोळ्यासमोर." हे मला सांगताना दादांचे खांदे पहिल्यांदा खाली आलेले दिसले.

त्यांना माहुरझरीच्या विपश्यना केंद्रात १० दिवसांच्या शिबिराला लगेच जायचं होतं. मी म्हटलं आत्ता नको, बीपी आणि झोप आधी जागेवर येऊ द्या, मग डॉक्टरांना विचारून ठरवा. तोवर ड्युटीला निघायच्या आधी दहा मिनिटं, डोळे अर्धे उघडे, आणि ज्या दिवशी बसवतच नाही त्या दिवशी अंबाझरी तलावावर हळूहळू चालायचं, लक्ष फक्त पावलांवर. दोनेक महिन्यांनी त्यांची बायको म्हणाली की ओरडणं बंद नाही झालं, पण ओरडायच्या आधी जरा थांबतात. गोळी चालू आहे, विचारही येतातच.

एक मात्र लक्षात ठेवा, ध्यानात बसल्यावर दर वेळी घाबरायला होत असेल, जुना एखादा आघात डोळ्यासमोर येत असेल किंवा आपण आपल्यात नाही असं वाटत असेल तर जिद्दीने बसू नका, तिथेच थांबा आणि कोणाशी तरी बोला. काहींना असं होतं, त्यात त्यांची काही चूक नसते. कोणाकडे जावं सुचत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं.