चारही तोंडं एकदम उघडली तर शेवटचा रनर जास्त हवा घेणारच

भाऊ, अडीच लिटरच्या चार सिलिंडर ट्रॅक्टर इंजिनाला टर्बो, ३८ मिमी रनरचा (प्रत्येक सिलिंडरला हवा नेणारी नळी) स्वतः आखलेला मॅनिफोल्ड (हवा वाटणारा नळ्यांचा संच), आणि ओपनफोम या हवेच्या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चौथ्या रनरला १८ टक्के जास्त हवा. तो रनर अरुंद करू का, असं विचारलंत. अजिबात नको.

हवा एका टोकाने शिरते आणि वाटेत रनरांमध्ये वळत जाते, त्यामुळे पुढे तिचा वेग घटतो, स्थिर दाब वाढतो. चारही रनर एकदम उघडे ठेवले की शेवटचा भरपूर घेतो. इंजिनात मात्र एका वेळी साधारण एकच सिलिंडर हवा ओढतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चार वेगळे रन (चार वेगळी गणितं) लावा: एक रनर उघडा, बाकी तीन तोंडांना भिंत.

२२०० आरपीएमला, ८८ टक्के व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर हवेने किती भरतो ते) धरली तर सरासरी ४० लिटर हवा प्रति सेकंद. पिस्टन मधल्या टप्प्यात जोरात ओढतो, तेव्हा हा आकडा ६३ च्या आसपास जातो. तोच रनरच्या इंजिनाकडच्या टोकाला द्या, हवा शिरायच्या तोंडाला टोटल प्रेशर (स्थिर दाब अधिक वेगामुळे येणारा दाब). टोक चार-पाच व्यास सरळ लांबवा, नाहीतर रेसिड्युअल (गणितात उरलेली चूक) खाली बसतच नाहीत.

मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश. ०.८ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब), कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षमतेचा, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) नाही, तर हवा १३० अंशांवर येते आणि घनता १.५४ किलो प्रति घनमीटर. रनरमध्ये वेग ५५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे माख ०.१४ (आवाजाच्या वेगाच्या ०.१४ पट), त्यामुळे घनता स्थिर धरणारा ओपनफोमचा सिम्पलफोम पुरतो. फक्त तो दाब घनतेने भागून दाखवतो. १.५४ ने गुणा, मगच पास्कल. इथे बरेच जण फसतात.

खळबळीसाठी के-ओमेगा एसएसटी मॉडेल, भिंतीजवळच्या प्रवाहासाठी वॉल फंक्शन (ठरलेलं सूत्र), मेशचा म्हणजे गणिताच्या जाळीचा भिंतीलगतचा पहिला थर अर्धा मिमी. दहा लाख सेलवर (जाळीचे बारीक कप्पे) चालवा, मग दुप्पट करून बघा. दाबाचा तोटा दोन टक्क्यांहून जास्त हलला तर मेश अजून कच्चा आहे. लोडशेडिंगचा भरवसा नाही, दर १०० आवर्तनांना साठवा आणि 'लेटेस्ट टाइम'पासून, म्हणजे शेवटच्या साठवलेल्या टप्प्यापासून, पुन्हा सुरू करा.

बहुधा पहिलाच रनर वाईट निघेल. सुसाट आलेल्या हवेला तिथे काटकोनात वळावं लागतं. तोंडाची कड धारदार असेल तर तिथेच ११०० पास्कलच्या वर दाब वाया जातो. ८ मिमी त्रिज्येची गोलाई दिली की शंभराच्या आसपास.

आता हिशोब बघा. मॅनिफोल्डमध्ये एकूण दाब १७८ किलोपास्कल (बाहेरच्या हवेचा ९८, बूस्टचा ८०). त्यात ११०० पास्कल म्हणजे एक टक्काही नाही! उलट इंटरकूलरने तीच हवा ७० अंशांवर आणली, तर कोअरमध्ये (इंटरकूलरच्या गाभ्यात) ५ किलोपास्कल गेले तरी घनता १४ टक्के वाढते. पैसे तिकडे घाला, आणि कापसाच्या दिवसांत कोअरपुढे जाळी लावा, कापसाचे तंतू चिकटून बसतात.

रनर वेल्ड झाल्यावर आत बोट फिरवा. वेल्डचा दोन मिमी मणी (धातूचा उंचवटा) आत आलेला असेल तर तो ग्राइंडरने काढा; मॉडेलमध्ये तो नव्हताच.