दसरा काढला का?

प्रिय चिमणे,

काल आज्जीचा फोन आला तेव्हा तू शेजारी बसून चित्र रंगवत होतीस. आज्जीनं नेहमीसारखं मोठ्यानं विचारलं, "दसरा काढला का न्हाई अजून?" फोन ठेवल्याबरोबर तुझा प्रश्न आला, "दसरा तर सण आहे. तो कुठून काढायचा?" मी तोंड उघडायच्या आत दुसरा, "आणि थंडी यायच्या तोंडावर आपण घर का धुवायला काढतो? इथं जर्मनीत तर सगळे मार्चमध्ये धुतात." गॅसवर उसळ होती, मी "नंतर सांगतो" म्हणालो. आता तू झोपली आहेस, म्हणून लिहून ठेवतो. सावकाश वाच. अडेल त्या शब्दाखाली रेघ मार, रविवारी मराठीच्या वर्गाला जाताना गाडीत बोलू.

दसरा काढणं म्हणजे नवरात्राचे घट बसायच्या आधी घरातली एकूण एक वस्तू जागची हलवायची, झाडायची, धुवायची, उन्हात वाळवायची आणि मगच परत आत घ्यायची. आमच्या साताऱ्याकडं असंच म्हणतात, मराठवाड्यातही म्हणतात. पुण्या-मुंबईला हेच काम बहुतेक घरांत दिवाळीच्या आधी होतं. पण गावाकडं दिवाळीपर्यंत थांबत नाहीत, आणि त्याचं कारण पाऊस आहे.

तू गाव पाहिलंस ते डिसेंबरात, सगळं कोरडं असताना. जून लागला, मृग निघाला की तिथं चार महिने घर ओलं. आमच्या जुन्या घराच्या भिंती दगडमातीच्या होत्या, त्यांच्यात खालून ओल चढायची, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत हात लावला तर गार लागायचं. कपडे सोप्यातल्या दोरीवर तीन तीन दिवस लोंबकळत. चुलीचा धूर बाहेर जायला जागा नाही, तो आढ्याला बसायचा आणि जळमटं काळी होऊन दोऱ्यांसारखी खाली यायची. लाकडी पेटीतल्या लुगड्यांना बुरशीचा वास. अंथरुणाला तर विचारूच नको. भाद्रपद सरत आला की ऊन पडायला लागतं, आणि त्याच पंधरवड्यात पितृपक्ष येतो. त्या दिवसांत लग्नकार्य नाही, नवी खरेदी नाही, म्हणजे बायकांचे हात तेवढे मोकळे. पुढं लगेच उडीद, मूग, बाजरी शेतातून घरात येणार, त्यासाठी कणग्या रिकाम्या आणि खडखडीत वाळलेल्या हव्यात. हे सगळं जुळून येतं ते घट बसायच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत. देवी येणार म्हणून घर स्वच्छ करायचं हे खरंच आहे, आणि आज्जी तेच सांगेल. मला वाटतं पावसानं वेळ ठरवली आणि देवीनं त्या वेळेला मान दिला.

सगळ्यात मोठं काम वाकळांचं. वाकळ म्हणजे तुझ्या पलंगावर आज्जीनं दिलेली आहे ना, ती. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थरावर थर घालून शिवलेली. कोरडी असताना तू ती उचलतेस, भिजल्यावर मला एकट्याला उचलत नाही. घरात अशा बारा-पंधरा असत. पहाटेच बैलगाडीत घालून त्या कृष्णेवर न्यायच्या. पहाटे अशासाठी की त्या सुमाराला हस्ताचा पाऊस असतो. त्याला हत्तीचा पाऊस म्हणतात. सकाळी लख्ख ऊन, आणि दुपार कलली की ढग गडगडून तासाभरात सगळं झोडपून काढणार. तेवढ्यात वाकळा धुऊन, वाळून घरी पोचायला पाहिजेत. आज्जी आणि माझ्या दोन्ही चुलत्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून वाकळा खडकावर आपटायच्या. पिळायला दोघी लागत, एक इकडून पीळ देणार, एक तिकडून. मग काठावरच्या खडकांवर पसरायच्या. दहा वाजेपर्यंत सगळा काठ रंगीत झालेला असायचा. आम्ही पोरं दगड ठेवायला, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

एवढंच आमचं काम होतं, चिमणे, आणि ते मला आज टोचतं. दगड ठेवले की आम्ही पोहायला मोकळे. आज्जीची कमर त्या आठवड्यात दरवर्षी धरायची आणि ती रात्री ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत बसायची. कुणी म्हणालं नाही की पुढच्या वर्षी पुरुषांनी पाण्यात उतरावं. म्हणून आपल्या घरी वाकळ मी धुतो. आईला मदत म्हणून नाही, ते काम माझ्याकडंच आहे.

चुन्याचं काम मात्र पुरुषांचं, आणि मला फार आवडायचं. कळीचा चुना दगडासारखा असतो. पिंपात टाकून वर पाणी ओतलं की ते आपोआप उकळायला लागतं, खाली जाळ नाही काही नाही. आम्हाला दहा पावलं लांब उभं करायचे, डोळ्यांत उडाला तर डोळा जायचा. रात्रभर निवू द्यायचा, सकाळी गाळून त्यात थोडी नीळ, म्हणजे भिंत पिवळट न दिसता पांढरीशुभ्र दिसते. घायपाताच्या वाखाचा कुंचा घेऊन दोन हात द्यायचे. ओला असताना काहीच दिसत नाही, वाटतं नुसतं पाणी फासलं. वाळत जाईल तशी भिंत उजळत जाते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि भिंतीवरच पुन्हा दगड होतो. तो अल्कधर्मी असतो, त्यामुळं त्याच्यावर बुरशी धरत नाही. पावसानं ओललेल्या घराला औषधच ते. जमीन शेणानं सारवायची, चुलीला पोतेरं फिरवायचं, पितळेची भांडी चिंचेनं नाहीतर राखेनं घासायची. चिंच नुसती फासून ठेवली तरी काळं निघून जातं, ते आपण गेल्या वर्षी समईवर करून पाहिलंय.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. तू म्हणतेस ते बरोबर आहे. श्टुटगार्टात लोक वसंतात घर काढतात, कारण त्यांचं घर थंडीत कोंडलेलं असतं. आमचं पावसात कोंडलेलं असायचं. कोंडलेलं घर उघडायची वेळ झाली की माणूस झाडू हातात घेतो. हे मला इथं आलो तेव्हा समजलं नव्हतं. २०१२ साली आम्ही नवे होतो, तुझा पत्ता नव्हता. त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला होता. मी पंचांग पाहून, घट बसायच्या आदल्या शनिवारी, गावाहून आणलेल्या दोन वाकळा बाथटबमध्ये धुतल्या. बाहेर धुकं आणि भुरभुर पाऊस. दोन्ही वाकळा बेडरूममध्ये स्टँडवर टाकल्या, खिडक्या बंद, हीटर मोठा. पाच दिवस त्या वाळल्या नाहीत. त्यांच्यातलं सगळं पाणी खोलीच्या हवेत गेलं आणि कपाटामागच्या गार भिंतीवर जाऊन बसलं. महिनाभरानं कपाट हलवलं तर मागं काळी बुरशी, माझ्या पंजाएवढे डाग. घर सोडताना घरमालकानं अनामत रकमेतून भिंतीचे पैसे कापले. वाकळांना कुबट वास राहिला तो वेगळा. आज्जीला मी हे कधीच सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

चूक अशी की मी तारीख पाळली आणि ऊन पाहिलं नाही. अधिक महिन्यामुळं दसरा कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, कधी तीन आठवडे पुढं. गावात तेवढं पुढंमागं झालं तरी ऊन कडकच असतं. इथं तीन आठवड्यांत उन्हाळ्याचा हिवाळा होतो. म्हणून आता वाकळा ऑगस्टमध्येच बाल्कनीत वाळवतो. घटांच्या आधी आतलं काढायचं: मसाल्याचे डबे, धान्याचे डबे, देव, समई, पुस्तकांचं कपाट, माळ्यावरच्या बॅगा. आणि थंडीत तुला रोज कटकट वाटते ती खिडकी सताड उघडायची पाच-दहा मिनिटं, तीही आता आपल्या दसऱ्यातलीच धर. बाहेरच्या गार हवेत पाणी फारच थोडं असतं. आत येऊन ती तापली की घरातली ओल शोषून घेते, आणि पुन्हा खिडकी उघडली की ती ओल बाहेर जाते. गावी पावसात खिडकी उघडली तर उलट ओल आत यायची. घर तेच जपायचं, पण जपायची रीत हवेप्रमाणं बदलते.

आणखी एक, जिन्याबद्दल. दर काही आठवड्यांनी आपल्या दारावर ती पाटी लटकते, केरवोखं, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. आपली पाळी: जिना, तळमजल्याची फरशी, कचऱ्याच्या डब्यांची जागा. तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा विचारलं होतंस, "हा आपला केर आहे का?" शब्दांचं नातं नाही, नुसता कानाला सारखा लागतो. पण मला त्या पाटीचं मोल वाटतं. आमचा दसरा उंबऱ्यापाशी संपायचा. घर आरशासारखं, आणि काढलेला कचरा गल्लीच्या टोकाला. ही गोष्ट ज्यांना सलत होती ते गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावतीकडच्या शेंडगावचा. गावात गेले की आधी खराट्यानं रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. देवळात बसून नाही, रस्ता झाडून त्यांनी सुरुवात केली. मी जिना पुसतो तेव्हा मला ते आठवतात, आणि म्हणूनच आपली पाळी मी कधी चुकवत नाही.

झाडूला पाय लागला की नमस्कार का करायचा, हेही तू मागं विचारलं होतंस. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. ती शिंदीच्या पानांची असते, इथं मिळत नाही. आपण आपल्या साध्या झाडूला वाहतो. ज्या हातांनी घर वर्षभर झाडलं त्यांच्या हत्याराला एक दिवस देवांच्या शेजारी जागा, मला यात काही चुकीचं दिसत नाही.

यंदा, २०२५ साली, घट २२ सप्टेंबरला, सोमवारी बसतात. शनिवारी आपण मसाल्याचे डबे काढू. तुझ्याकडं खालचे दोन कप्पे आणि समई. चिंच मी शुक्रवारी रात्री भिजत घालतो. आज्जीला फोन तू कर, पण "काढला" म्हणू नकोस, "काढतोय" म्हण. माळा अजून राहिलाय, आणि ती विचारणारच.

तुझा,
बाबा